सातवा जिना

बाबा, तुम्ही धडधडीत खोटं बोललात! आज सकाळी इथल्या बिशान मेट्रो स्टेशनवर एक ईमेल तीनदा वाचली, दोन गाड्या सोडल्या. इंग्लंडमधल्या तुमच्या त्या शेकडो वर्षांच्या कॉलेजातून आली होती. जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या बाईंनी फार अदबीनं लिहिलंय. विद्यार्थ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही, नोकरांच्या यादीत आहे. सातवा जिना, चार वर्षं. तिथे प्रत्येक जिन्याला एक माणूस नेमलेला असे. त्या जिन्यावरच्या पोरांना उठवायचं, खोल्या झाडायच्या, अंथरुणं घालायची.

पोळी खाता खाता तुम्ही ते कॉलेज आपल्या स्वयंपाकघरात उभं करायचात. हिरवळीवर फक्त प्राध्यापकांनी पाय ठेवायचा, राजाविरुद्धच्या लढाईत सैनिकांनी चॅपलच्या रंगीत काचा फोडल्या, आणि सातव्या जिन्याच्या दगडी पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झाल्या आहेत. "तिथे शिकलो मी," म्हणायचात, आणि आई कौतुकानं बघत राहायची. रविवारी मात्र माझी चादर उचकटून ओरडायचात, "कोपरा नीट दुमड, गाढवा! सुरकुती दिसता कामा नये." हे कुठल्या विद्यार्थ्याला येतं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. कमाल आहे माझी!

चौकशी का केली, तेही ऐका. तुमच्या नातीला पॉलिटेक्निकमध्ये हॉटेलचा डिप्लोमा करायचाय. "डॅड, आय लाइक इट लाह," इथल्या पोरांच्या इंग्रजीत एवढंच म्हणाली. मी कडाडलो, "तुझे आजोबा त्या कॉलेजात शिकले, आणि तू लोकांच्या चादरी बदलणार?" तिनं दार लावून घेतलं. तिचं तोंड बंद करायला मी तुमच्या वर्गाचा फोटो मागवला. ईमेलसोबत आलाय तो हा: अंगात पांढरा कोट, हातात चादरींची चळत, मागे ती झिजलेली पायरी. आणि तुम्ही चक्क हसताय, बाबा. आमच्यासमोर असे कधी हसला नाहीत. मला त्याचाच राग जास्त आलाय.

घरी आलो तर तिचा फॉर्म टेबलावर तसाच पडलेला. सही केली. ती हळूच म्हणाली, "आजोबांचा फोटो आला?"

फोटो ऑफिसात छापून घेतलाय, या पत्रातच घडी करून ठेवतोय. तिला म्हणालो, "नाही मिळाला." अगदी तुमच्यासारखं, सहज.