पाकिटावर बॉनीचं नाव

सान इसिद्रो, मेक्सिको
९ जानेवारी

चि. लोरेन हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? कर्टिसची कंबर कशी आहे? सूनबाईंचा खोकला थांबला का? आणि तुझा म्हातारा पिकल्स स्वतःच्या पायांनी जिना चढतो, की अजून तूच त्या कुत्र्याला कडेवर घेतेस? एकेकाचं वेगवेगळं लिही. ‘सगळे मजेत’ एवढ्यावर भागवलंस तर पत्र परत पाठवीन. इकडे आर्डिसचे गुडघे उन्हाने सैलावलेत, बॉनी खुशीत, मी ठीक.

म्हातारपणी राहायचं कुठे, याचा घोळ अजून मिटलेला नाही. पनामातलं डोंगरगाव तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांनी नापास केलं. पोर्तुगालचं नाव काढलं, तर एवढा वेळ बॉनीला विमानात कोण बसवून ठेवणार, म्हणून तेही गेलं. आता या तळ्याकाठी भाड्याने राहतोय, मार्चअखेरपर्यंत. वर टेकडीवर आपल्या अमेरिकन लोकांची कुंपणाची वसाहत आहे. नर्स आहे, फाटकावर पहारेकरी आहे. बॉनीलाही घेतील म्हणतात, पण एका अटीवर. आमच्या पश्चात लेकीची जबाबदारी घेणाऱ्या, पासष्टच्या आतल्या नातेवाइकाची सही हवी. त्रेचाळीस वर्षांची आहे, पण बुटाची नाडी अजून मीच बांधतो, हे तुला सांगायला नको. कर्टिसला विचारशील का? नुसती सही.

गाव तसं बरं, माणसं मात्र अलिप्त. मी आपला खाली मान घालून जातो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तेही बघत नाहीत. बॉनीला तेवढं कळत नाही. दिसेल त्या दाराशी थांबून ‘ब्वेनोस दिआस’ म्हणून सकाळचा नमस्कार घालते. हाताला धरून पुढे ओढावं लागतं.

पिकल्सला बिस्किट दे. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा,
हार्लन


टोलेडो, ओहायो
२६ जानेवारी

ती. हार्लनदादा यांस लोरेनचा सा. न. वि. वि.

पट्टी निघाली, त्यामुळे आता आरशात खरं दिसायला लागलंय. कर्टिसची कंबर तशीच, सूनबाईंचा खोकला गेला, पिकल्स जिन्याखाली झोपतो आणि वर बघून उसासे टाकतो. झालं का एकेकाचं? आता तू सांग. तू ठीक आहेस असं लिहिलंस. वहिनीने वेगळ्या पत्रात लिहिलंय की डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो पाहून दीड वर्ष सांगितलं. ती तुझ्यापासून लपवून लिहिते, तू माझ्यापासून लपवून. मी काय टोलेडोला बसून पत्त्यांसारखी दोन पत्रं जुळवत बसू?

कर्टिस नाही म्हणाला. मामा आवडतो, बॉनी आवडते, पण उद्या कुणी तिला दारात आणून उभं केलं तर आत कुठल्या खोलीत घेऊ, असं विचारतो. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याची रात्रपाळी पाहिली, एका खोलीत झोपणारी त्याची तीन मुलं पाहिली, आणि बोलले. मी स्वतः सही केली असती. पण माझं वय त्यांना चालत नाही, आणि खरं तर मलाही चालत नाही.

आधी जागा ठरव, मग घर वीक, असं मी हात जोडून सांगितलं होतं. तू अंगणात टेबलं मांडून चमचेसुद्धा विकलेस. आता परत येऊन राहणार कुठे?

बॉनीसाठी एक खाट आहे. चर्चमागे अपंगांचं वसतिगृह आहे, तिथे. फेब्रुवारीअखेरपर्यंत धरून ठेवतील. मी पाहून आले. एका खोलीत तिघी, आणि संध्याकाळी पाचला दार बाहेरून लावतात. तुझ्यापासून काही लपवत नाही. दादा, दुसरं मला काही सुचत नाही. जमलं तर मला माफ कर.

तुझी,
लोरेन


सान इसिद्रो
११ फेब्रुवारी

चि. लोरेन हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही, कर्टिसवर तर नाहीच. दीड वर्षाचं खरं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि परवा सकाळी बॉनीची बॅग पलंगाखालून काढली. आर्डिस बॉनीचे स्वेटर घडी करत राहिली. बॉनीने ते दारातून पाहिलं. पाच मिनिटांनी बघतो तर ती घरात नाही.

दहापासून तीनपर्यंत सापडली नाही. आधी तळ्याकडे धावलो. का, ते तुला सांगायला नको. तिथे नव्हती. मग गल्लीत उभा राहिलो आणि मला कळेना की कुठलं दार वाजवू. लोरेन, एकतीस वर्षं मी सहाशे दारांचं टपाल वाटलं. कुठला कुत्रा चावतो, कुठली म्हातारी पत्र वाचून घेते, सगळं पाठ. आणि इथे दोन महिने राहून एका दाराचं नाव मला ठाऊक नव्हतं.

तीन गल्ल्या पलीकडे दोन्या चायोचं, म्हणजे चायोबाईचं, मक्याच्या पोळ्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकं पोळ्यांसाठी घरून फडकी आणतात. गल्ल्या पालथ्या घालत तिथे पोचलो, तर बॉनी कमरेला एप्रन बांधून ती फडकी घडी करत बसली होती. चायोबाई माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल, पण तिने मला असं झाडलं की विचारू नकोस. म्हणाली, सकाळपासून येईल त्याला विचारतेय, ही कुणाची, घर कुठलं. बॉनी कोण ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कोण ते एकालाही माहीत नाही. दोन महिने माझ्या दारावरून जाता, मी काय मेलेय का, की तोंडातून सकाळचे दोन शब्द निघत नाहीत?

मी सांगितलं की आमच्याकडे कुणाला त्रास न देता जाणं ही रीत आहे. ती म्हणाली, मग तुमच्याकडे लेकरू हरवलं तर शोधतं कोण? तिने पोळी मीठ लावून हातात दिली आणि खा म्हणाली. उभ्या उभ्या खाल्ली, रडत.

खाट सोडून दे. वसाहतीलाही नकार कळवला. तिथे पहारेकरी तिला ओळखेल, पण फाटकातून बाहेर सोडणार नाही. आम्ही गावातच राहतो. हे शहाणपण आहे की आणखी एक चूक, देव जाणे. आमच्यानंतर काय, हे मी चायोबाईला विचारलेलं नाही. जिला दोन महिने ओळख दाखवली नाही, तिला ते कुठल्या तोंडाने विचारू?

काल सकाळी बॉनीचा हात धरून निघालो. ती पुढे, मी मागे. ती थांबेल तिथे थांबायचं, टोपी काढायची, नमस्कार करायचा, नाव विचारायचं, आपलं सांगायचं. दोन दिवसांत अकरा दारं झाली. बाराव्याला दम लागला, पायरीवर बसलो. त्या घरच्या बाईने पाणी आणलं. गावात चारशे घरं असतील. तेवढं आयुष्य मला पुरेल का माहीत नाही, लोरेन. भीती वाटते. आर्डिससमोर म्हणत नाही, तुझ्यापाशी म्हणतो.

एक काम मात्र तुझ्या हातातलं आहे. इथला टपालवाला मोटारसायकलवरून येतो, पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचतो आणि मगच देतो. सगळी गल्ली ऐकते. आजवर माझंच नाव ऐकलंय. पाकिटावरच्या नावाचा माणूस गेला की टपालवाला त्याच्या दारात थांबायचा बंद होतो, हे मी शेकडो दारांत पाहिलंय. म्हणून यापुढे पाकिटावर माझं नाव घालू नकोस. बॉनीचं घाल, ठळक अक्षरांत. आत दोन ओळी असल्या तरी चालतील. पिकल्सबद्दल लिही, तिला आवडतं. कर्टिसलाही सांग; सही नको म्हणावं, वर्षातून चार पत्रं टाक.

माझ्यावरची माया तिच्या नावावर कर, आणि या आठवड्यातच लिही.

तुझा दादा,
हार्लन