आईच्या एकटीच्या नावावर

मी, वय वर्षे चोवीस, व्यवसाय मुद्रितशोधन, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे; आज संध्याकाळी रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. भूल दिल्यावर मी शुद्धीवर नसेन. आज पूर्ण शुद्धीत आहे, म्हणून हे काम आजच करीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तशी वेळ आली नव्हती.

१. माझी पुस्तके माझ्या शाळेच्या ग्रंथालयास द्यावीत. समासातील पेन्सिलीच्या दुरुस्त्या खोडू नयेत; त्या बरोबर आहेत.

२. टेबलपंखा झेरॉक्सच्या दुकानातील बँक-काउंटरच्या ताईंना द्यावा. जिन्याखालच्या त्या कोंदट जागेत बसून त्या हमाल, भाजीवाल्या आणि घरकाम करणाऱ्या बाया यांची, किमान शिल्लक न लागणारी खाती उघडतात. त्यांच्याशेजारी बसून मी लोकांचे अर्ज भरून दिले आहेत. शिल्लक त्या कधीही मोठ्याने सांगत नाहीत. संगणकाचा पडदा माणसाकडे वळवतात आणि स्वतः दुसरीकडे पाहतात. पैसे काढणाऱ्याला "कशाला हवेत?" असे त्यांनी विचारलेले मी एकदाही ऐकलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

३. घरातील दोन खुर्च्यांपैकी एक काकांना द्यावी. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते आणि बाबा गेल्यापासून तिचा पगार काका सांभाळतात. स्वतःचेच पैसे मागायला ती त्यांच्या दारात उभी असते. "वहिनी, कशाला हवेत? परवाच तर नेलेत!" त्यांच्याकडे बसायला जागा नसावी, असा माझा समज आहे.

४. माझ्या खात्यातील सर्व रक्कम आईला मिळावी; मात्र ती केवळ आईच्या एकटीच्या नावावरील खात्यातच जमा व्हावी. माझ्यामागे तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठीच हा सारा लेखनप्रपंच आहे.

हे कलम मी आईला वाचून दाखवले.

"माझं खातं कुठंय?" ती म्हणाली. पूर्वी एका बँकेत होते. किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापता कापता ते रिकामे झाले. "ठेवायला जागा देतात आणि भाडं माझ्याच पिशवीतून काढतात. नको गं बाई पुन्हा."

"इथे तसं कापत नाहीत, आई."

"आणि भाऊजींना काय सांगू?"

"काहीच सांगू नकोस."

आईने उठून चपला घातल्या. "चल. ते दुकान दुपारी बंद होतं ना?"

पुढील मजकूर काउंटरवरून परत आल्यावर लिहिला आहे.

इस्त्री धरून गुळगुळीत झालेला आईचा अंगठा यंत्राला ओळखू येईना.

"झालं! आता हेही मला ओळख दाखवेना," आई पुटपुटली.

ताईंनी ओल्या फडक्याने तिचा हात पुसला. "दहा बोटं आहेत, काकू. एक तरी चालेल."

डावी करंगळी चालली. "हिने जन्मात कधी काम केलं नाही, म्हणून शाबूत राहिली," असे म्हणून आई हसली.

शेवटी ताईंनी विचारले, "नॉमिनी कोण? म्हणजे तुमच्यामागे हे पैसे कोणाला द्यायचे?"

आईने माझे नाव सांगितले. ताईंचे हात थांबले. "काकू, उद्या हिचं ऑपरेशन... दुसरं कुणी सुचवता का?"

"ठाऊक आहे मला. हिचंच लिही. माझ्यामागे हिने घ्यायचं, असं कागदावर येऊ दे. मग बघते ही लिहिलेलं कशी मोडते ते."

आईचा खाते क्रमांक सोबत जोडला आहे. तथापि तिची नोंद आणि माझे हे मृत्युपत्र यांत कोण आधी जाणार याविषयी विसंगती आहे. अशा प्रसंगी आईची नोंद ग्राह्य धरावी.

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्यासमक्ष सही केली:
१. छापखान्याचे मालक
२. शेजारच्या नर्सबाई

स्थळ: आमची राहती खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस