जपून की जप्त

गुरुवार, १३ नोव्हेंबर. बौशर.

डोकं उठलंय नुसतं. इथे आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ईराचं भाषण आहे. विषयही मंडळानेच दिलेला: इंग्रजांच्या काळातलं वृत्तपत्रस्वातंत्र्य. आठवडाभर तिच्याकडून पाठ करून घेतेय. ‘सरकारने छापखाना जप्त केला’ इथे पोरगी रोज अडते. पहिल्यांदा विचारलंन काय, तर “जप्त म्हणजे जपून ठेवला?” शाळेत दिवसभर इंग्लिश, मग दुसरं काय होणार. शेवटी सांगितलं, मी तुझा टॅब काढून घेते ना, ते जप्त.

आज कुठे घडाघडा म्हणायला लागली, तर सेक्रेटरी काकांचा फोन. “वहिनी, भाषण झकास. फक्त ते शेवटचं वाक्य नको.” शेवटचं म्हणजे, ‘सरकारला आवडेल तेच छापायला स्वातंत्र्य कशाला लागतं?’

म्हटलं, अहो, हे इंग्रज सरकारबद्दल आहे. तर म्हणे, “कळतं हो, पण आपण परक्या मुलुखात. उगाच कशाला? ते पुढच्या वर्षासाठी ठेवू, इन्शाल्ला.”

समोर बसणार कोण, तर आपलीच मराठी माणसं. कुणी काही म्हटलेलं नाही, कुणी म्हणणारही नाही, आणि हे काका आधीच घाबरून मोकळे. आणि मी? मी “बरं” म्हणाले. का म्हणाले “बरं”? वर स्वतःच्या हाताने वाक्य खोडलं.

ईरा शेजारीच बसली होती. खोडलेल्या ओळीकडे बघून तिने विचारलं, “आई, हे आपण जपून ठेवलं की जप्त केलं?”