बाबांचे रातकिडे

ती. बाबा,

तांबरमहून सावनीचा नमस्कार. पत्र आई वाचून दाखवतेय ना? मी मजेत आहे. दुपारी आमच्या प्रयोगशाळेवरून हवाई दलाची विमानं घिरट्या घालतात आणि तुमची आठवण येते.

हवाई दलात नोकरीला असताना तुम्ही म्हणायचात, रडारसमोर उभं राहिलं की डोक्यात रातकिडे किरकिरतात. सगळे हसायचे. सध्या मी रडारमधून निघणाऱ्या सूक्ष्मलहरींवरचं सुरुवातीचं संशोधन वाचतेय. रडारवरच्या कितीतरी जणांनी तेव्हा हेच सांगितलं होतं. कानात कापसाचे बोळे घातले तरी आवाज यायचा, कारण तो लहरींमुळे डोक्यातच उमटायचा. तुमचे रातकिडे खरे होते, बाबा. वाचता वाचता खिडकीबाहेरची भर दुपार मला सांज झाल्यासारखी वाटली, आणि लांब कुठेतरी तुम्ही एकटेच ऐकत उभे होतात.

आई, एवढं मनातल्या मनात वाच. तीव्र लहरींनी सशांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचंही त्यात आहे. बाबांचा त्यामुळेच असेल असं नाही, पण ऑपरेशनआधी डॉक्टरांना रडारचं नक्की सांग.

बाबा, आई मध्येच थांबली असेल तर तिला माझं अक्षर लागलं नसेल.

तुमची,
सावनी