दादा घरी आलाय, बाबा

माझ्या बाबांना,

दादा घरी आलाय. ही बातमी तुम्हाला कुठं कळवायची ते कळेना, म्हणून कागद घेऊन बसले. आई मागच्या अंगणात त्याच्या डोक्याला तेल लावून देतेय आणि तो मान खाली घालून बसलाय. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, बाबा. इतकी वर्षं वाट पाहिलीत, आणखी थोडे दिवस थांबता आलं नसतं का?

फोन दक्षिणेकडच्या एका आश्रमातून आला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथं ठेवून घेतात. दादाला त्यांनी कुठल्याशा स्टेशनवरून आणलं होतं. औषधं सुरू झाली तरी बरेच दिवस तो बोलायचाच नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "आमच्याकडचा भात चांगला राहते." तिथल्या बाईंनी हिंदीत विचारलं, तुमच्याकडचा म्हणजे कुठला? तो म्हणाला, "भंडाऱ्याचा." तेवढ्यावरून त्यांनी आपल्या पोलिसांना गाठलं.

भाताचंच नाव त्याच्या तोंडी यावं? शहापूरच्या राइस मिलमध्ये अकाउंटंट म्हणून तुमचा सारा जन्म गेला. विणकरांच्या घरात टेबल-खुर्चीची नोकरी करणारे तुम्हीच पहिले. मार्चअखेरीला डबा न उघडताच घरी यायचा, पण संध्याकाळचं भजन कधी राहिलं नाही. मिलमधून थेट देवळात आणि देवळातून घरी, असा तुमचा रस्ता. रविवार मात्र आमचा. दादाला पुढं आणि मला मागं बसवून तुम्ही सायकलनं वैनगंगेवर न्यायचात. तिथं भाजलेले शेंगदाणे खात आम्ही तिघं मासे धरणाऱ्या डोंग्या पाहत बसायचो. दादा डिप्लोमाला लागला तेव्हा तुम्ही मिलभर पेढे वाटले होते.

आणि त्याच दादाला एक दिवस नळाच्या पाण्यात विष दिसायला लागलं. भिंतीतून लोक आपल्याविषयी बोलतात म्हणून तो कानात कापूस घालून बसायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तीनेक महिन्यांत तो जेवायला लागला, दाढी करायला लागला. आईला एकदा म्हणालासुद्धा, "आता कोनी बोलत नाही वं." आठवतं ना?

मग नदीपलीकडचे ते महाराज तुम्हाला कुठून भेटले, बाबा? तुम्ही नवस बोलला होतात, तो फेडायला गेलात आणि परत आलात ते गोळ्यांचं पाकीट त्यांच्या पायाशी ठेवूनच. देवानं बरं केल्यावर औषध घेणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं ते म्हणाले होते.

आई म्हणाली, "एकडाव डॉक्टरले तरी विचारा."

"डॉक्टरपेक्षा मोठा हाये थो वरचा. त्याच्यावर भरोसा नाही का तुयावाला?"

मी म्हटलं, "बाबा, त्या गोळ्यांनंच तो बरा होऊन राहिला." तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मिलमधला एक आकडा जुळला नाही तर सगळे कागद पुन्हा काढून बसणारे तुम्ही. त्या माणसाला एकही प्रश्न विचारावासा का वाटला नाही?

कार्तिक लागला. तुम्ही पहाटे काकडआरतीला गेलेले असताना दादा घरातून निघून गेला. त्याच्या चपला दाराशीच राहिल्या होत्या. हायवेवरच्या चहावाल्यानं त्याला अनवाणी रायपूरच्या बाजूनं चालत जाताना पाहिलं होतं. त्याच्यानंतर कोणीच पाहिलं नाही.

तुम्ही देव सोडला नाहीत. मला वाटलं होतं सोडाल. मार्चचं काम आटोपलं की साठवलेली सगळी रजा घेऊन तुम्ही त्याला शोधायला निघायचात. रामटेक, डोंगरगड, जिथं जिथं जेवण मिळतं अशा देवळांमधून तुम्ही हिंडलात. "उपाशी मानूस देवळातच येते," असं म्हणायचात. पंगतीत वाढायला उभं राहायचं आणि प्रत्येकाचं तोंड निरखायचं. बाबा, वाढता वाढता त्या अनोळखी तोंडांकडं पाहून तुम्हाला काय होत असेल?

एकदा गोंदिया स्टेशनवरून तुम्ही एकाला घरीच घेऊन आलात. पाठमोरा दादासारखा दिसला म्हणून तुम्ही त्याचा हात धरलात आणि त्यानं तो सोडलाच नाही. आईनं दार उघडलं, एक नजर टाकली आणि आत जाऊन कडी लावून घेतली. मी चिडले.

"बाबा, हा दादा नाही. काहून आणलं तुम्ही याले?"

तुम्ही अंगणात त्याच्या पायाची जखम धूत होतात. म्हणालात, "आपला नसन. कोनाचा तरी हाये नं थो."

थोड्या वेळानं आईच बाहेर आली आणि तिनं त्याला ताट वाढलं. पुढं तुम्ही त्याला नागपूरच्या सरकारी इस्पितळात भरती करून आलात. तिथल्या डॉक्टरांना तुम्ही बजावलंत, "याच्या गोळ्या बंद करू नका." तेव्हा मी शेजारीच उभी होते, बाबा. 

त्या गोळ्यांबद्दल तुम्ही आमच्याशी बोललात ते थेट दवाखान्यात. हृदयाचा झटका येऊन गेला होता, बोलू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत.

"वर्षा, प्रमोदच्या गोळ्या मीच बंद केल्या."

"माहीत हाये बाबा. निजा तुम्ही."

"तुया आईले?"

"आईलेही माहीत हाये."

"मंग इतकी वर्षं तुमी कोनीच काही म्हटलं कसं नाही?"

काय म्हणणार होतो आम्ही? दर वर्षी तुम्ही कुठल्या तरी गावाहून एकटेच परत यायचात, पाय सुजलेले असायचे, आणि आई पाणी गरम करून द्यायची. त्या माणसाला आणखी काय म्हणायचं? मी तुमच्या कपाळावर हात ठेवला. तुम्ही डोळे मिटलेत, पण झोपला नव्हतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

दादाला आणायला मी अड्याळच्या मामाला घेऊन गेले. आश्रमाच्या ओसरीत एक म्हातारा बसला होता. तोच दादा. पुढचे दात पडलेले, केस पांढरे. मी हाक मारली तर म्हणाला, "वर्षा जाडी झाली." गाडीत मामानं सारा रस्ता तोंड खिडकीकडं वळवून ठेवलं होतं.

आई त्याला पाहून रडली नाही. तिनं पाणी तापवलं, लहान पोराला घालावी तशी आंघोळ घातली. त्याच्या पाठीवर भाजल्याचे जुने डाग आहेत. कशाचे, ते तो सांगत नाही. तिनंही विचारलं नाही.

तुमच्याबद्दल तो काहीच बोलेना. तुमचा हार घातलेला फोटो आम्ही आधीच आतल्या खोलीत ठेवला होता. तुम्ही नाहीत हे कसं सांगावं, यावर मी आणि मामा कुजबुजत बसायचो. काल जेवता जेवता त्यानंच विचारलं, "बाबा मेले नं?"

मी वरणाचा चमचा भांड्यात ठेवला. "कोनं सांगतलं तुले?"

"आईच्या कपाळाले कुंकू नाही."

आई चुलीपाशी होती. ती वळली नाही. दादानं भात कालवला, दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "मले शोधलं का त्याईनं?"

"शोधलं."

"कुठी?"

मी गावांची नावं सांगत गेले. रामटेक, डोंगरगड, गोंदिया, राजनांदगाव. काही गावं माझ्या ध्यानात नव्हती, ती आईनं तिथूनच सांगितली. दादा हात धुवायला उठला नाही. ताटातला हात वाळला तरी ऐकत होता.

बाबा, तो पुरता बरा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. गेलेली वर्षं भरून येणार नाहीत, तुमच्या पंगती आणि भजनांनीसुद्धा नाही. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुमची आठवणही रोज येते. दोन्ही एकाच मनात कशी राहतात, ते मला समजत नाही.

एक दिवस तो विचारेल, माझ्या गोळ्या कोणी बंद केल्या होत्या? तुम्हाला शब्द देते. तुम्हाला वाचवायला मी खोटं बोलणार नाही. तुमचं नाव सांगेन. आणि तो उठून जायच्या आत, तुम्ही त्या परक्या माणसाचा पाय अंगणात बसून कसा धुतला होता, तेही सांगेन.

तुमची लेक,
वर्षा