विरी पिठाची गेली नव्हती

मी, रत्नम्मा सिद्धाराम हत्तुरे, वय ५६, धंदा कडक भाकरीचा, राहणार सोलापूर, डोके ठिकाणावर असताना व बोटे ठिकाणावर नसताना हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो टाकायची घरात कोणाची छातीही नाही.

१. राहते घर मुलगा शिवू यास. गच्चीवरची टाकी गळते, हे मी दहा वर्षे सांगत आहे. आता टाकीही त्याची.

२. भाकरी थापायची काटवट व तवा सून धनलक्ष्मी हिला. कारण लिहिणे भाग आहे. पन्नाशीला पाळी थांबली तेव्हा मी सुटले म्हणून शेजारणींना पेढे वाटले. सहा महिन्यांत भाकरी जाड होऊ लागली, कडा फाटू लागल्या. मी म्हटले, पिठाची विरी गेली, चिकटपणा उरला नाही. ज्वारी बदलली, गिरणी बदलली. सून बदलता येईना, म्हणून तिच्यावर ओरडले. दळण तीच आणायची. तीन वर्षे ऐकून घेऊन ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला लागली आणि वेगळी चूल मांडली.

पुढे सकाळी तासभर मूठ मिटेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आमवात सांगितला. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उठते, आणि पाळी थांबताना संप्रेरके घटली की काही बायकांत ती जास्तच चेकाळते. शिवू पोटात असताना दुखणे गप्प होते, बाळंतपणानंतर उठले होते, हेही त्यांनीच विचारून काढले. मी तेव्हा वारा लागला म्हणून तेल चोळले होते. एवढी हुशार मी.

३. धनलक्ष्मीची बोटे कधी सकाळी आखडली, तर तिने पिठाला दोष न देता रक्त तपासावे. ही अट आहे.

४. धनलक्ष्मीची मी माफी मागते. ती माझ्या मृत्यूनंतर चारचौघांत वाचावी. जिवंतपणी मला लाज वाटते.

दुरुस्ती : शिवूला सुटी नसल्याने मला वकिलांकडे धनलक्ष्मीनेच आणले. तिने मसुदा वाचला. म्हणाली, "अत्ते, मेल्यावर माफी मागता व्हय? तवा मी कुणाशी भांडू? आत्ता बोला की."

बोलले. सबब कलम ४ रद्द.

सही : रत्नम्मा हत्तुरे (दुपारी केली, सकाळी पेन धरवत नाही)
साक्षीदार : १. धोंडप्पा मायाप्पा कोरे २. कस्तुराबाई निंगप्पा बिराजदार
सोलापूर, दि. ९ डिसेंबर २०२४