कुलपाचं माप

सोमवार, ४ मार्च

पुन्हा डबे हलले! साखर खाली, मीठ वर, कात्री तर सापडतच नाही. ऑफिसातून आले तर नणंद येऊन गेलेली. नवऱ्याने तिला किल्ली दिलीय, मला न विचारता. “अगं, ताईच आहे ना, परकी आहे का?” परकी नाही म्हणून काय माझ्या कपाटात हात घालायचा? आतल्या कपड्यांच्यासुद्धा घड्या घालून गेली! राहायला येऊन जेमतेम सहा आठवडे झाले. घर दोघांच्या नावावर आहे. त्या दोघांच्या नाही — आमच्या दोघांच्या! आयत्या बिळावर नागोबा!

मंगळवार, ५ मार्च

त्याला म्हटलं, किल्ली परत माग. “मी नाही मागणार. वाईट दिसतं ते.” मग मी कुलूपच बदलते म्हटलं. तर हसत सुटला. “कशाने? काट्याचमच्याने?”

खरंच घरात साधा स्क्रूड्रायव्हर नाही. पडद्याच्या दांडीचा स्क्रू मी सुरीच्या टोकाने पिळते. लाज वाटली. लाज कमी, राग जास्त.

शनिवार, ९ मार्च

हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरमागचे काका म्हणाले, “साहेब नाही आले?” म्हटलं, साहेब घरी सोफा सांभाळतायत. मग जरा सरळ बोलायला लागले. मी साठ नगांची चकचकीत पेटी उचलली होती, ती त्यांनीच परत फळीवर ठेवली. “नवीन घर ना? यातलं निम्मं गंजून जाईल. लागतं तेवढंच घ्या.” टेप, टेस्टर, पक्कड, पाना. हातोडी उचलून बघायला लावली — मनगट दुखलं तर जड समजायची. स्क्रूड्रायव्हर दोन, एक चपटा, एक स्टार. “आणि सगळं एकाच डब्यात ठेवा, नाहीतर असून नसल्यासारखं.”

कुलपाचंही विचारलं. अख्खं बदलायला नको म्हणाले, किल्ली जाते ते सिलिंडर तेवढं बदलायचं. त्याचं माप घेऊन या.

घरी येऊन अर्धा तास होतो न होतो तोच नणंदेचा फोन. “हत्यारं घेतलीस म्हणे? आमच्याकडे बायका असले उद्योग नाही करत हो!” ह्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

रविवार, १० मार्च

माप चुकलं! एकूण ऐंशी मिलिमीटर भरलं, म्हणून चाळीस-चाळीसचं घेऊन आले. बसवलं तर बाहेरून नाक पुढे आलेलं. पुन्हा दुकानात. काकांनी कपाळाला हात लावला. “एकूण नाही मोजायचं. दाराच्या कडेला स्क्रू असतो, तिथून आत वेगळं, बाहेर वेगळं.” बाहेर पस्तीस, आत पंचेचाळीस.

सकाळी तर जुनं सिलिंडर काही केल्या निघेना. किल्ली जराशी तिरपी केली तेव्हा सुटलं. नवरा सोफ्यावरून सल्ले देत होता, उंटावरचा शहाणा! पण बसलं. मी एकटीने बसवलं! किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ही कुणाला द्यायची नाही.

“नाही गं. शप्पथ!”

सोमवार, ११ मार्च

डबे जागच्या जागी. किती साधं सुख आहे हे!

गुरुवार, १४ मार्च

बाथरूममधले टॉवेल बदललेले. पलंगावर नवी चादर, मी न आणलेली.

“तिला फार वाईट वाटलं होतं गं. म्हणून एक नक्कल काढून दिली.”

तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस! चार दिवससुद्धा टिकली नाही शपथ. वर मलाच म्हणतो, “तू उगाच ताणतेस.”

ती येते, कारण हा दार उघडून देतो. इतके दिवस मी भलत्याच माणसावर चिडत होते.

शुक्रवार, १५ मार्च

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तेच माप, दुसरं सिलिंडर. या वेळी दहा मिनिटं लागली.

सात वाजता दाराशी खुडबुड. मग बेल. “अगं, किल्ली लागत नाहीये!”

मी आतूनच म्हटलं, “ताईकडे जा.”